बाऊन स्ट्रीटवरचा गणपती

माझे बाबा पोस्टात होते. सांगली जिल्ह्यातल्या पाच-सहा ऑफिसांत मिळून चौतीस वर्षं नोकरी झाली त्यांची, त्यामुळे आजही कुठं गेले की आधी पाटी वाचतात, दुकानाची, गल्लीची, घराची, आणि नाव ओळखीचं नसेल तर हा कोण म्हणून विचारतात. २०२३ च्या उन्हाळ्यात आईबाबा आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते, तेव्हा एका रविवारी त्यांना न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या फ्लशिंगच्या गणपतीला घेऊन गेले. सात नंबरची ट्रेन शेवटच्या स्टेशनपर्यंत, मग चालत. दर्शन झालं, खाली कॅन्टीनमध्ये डोसे खाल्ले, बाहेर आलो तर बाबा कोपऱ्यावरच्या खांबाकडे मान वर करून उभे. एकाच खांबावर दोन पाट्या. एकीवर बाऊन स्ट्रीट, दुसरीवर गणेश टेम्पल स्ट्रीट.

"गणपती कळला. हा बाऊन कोण गं?"

सतरा वर्षं मी त्या देवळात जातेय, पोरीचं पहिलं दर्शन तिथलं, आणि मला सांगता येईना. फोनवर बघितलं तर याच रस्त्यावर पुढे त्या बाऊनचं घर आहे म्हणून कळलं. आईचे गुडघे दुखत होते तरी म्हणाली चला, आलोय तर बघू. पंधरा-वीस मिनिटं चाललो. चिनी औषधाची दुकानं, कोरियन चर्च, बिल्डिंगींच्या रांगा, आणि मधेच झाडांत एक लाकडी, उतरत्या छपराचं जुनं घर. आत जाता आलं नाही, कुंपणाबाहेरूनच बघितलं. बाहेरची माहितीची पाटी बाबांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि परतीच्या ट्रेनमध्ये मला म्हणाले, "हे नीट वाचून काढ आणि मला सांग." म्हणून हे सगळं.

आधी माझ्या डोक्यात काय होतं ते सांगते, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात तेच असतं. आधी अमेरिका म्हणजे एकजात गोरे, इंग्रजी बोलणारे, चर्चला जाणारे लोक, आणि मग फार पुढे बाकीचे आले, आपण तर अगदी शेवटी, दुसऱ्याच्या घरात पाहुणे म्हणून. शाळेत पोरांना पण साधारण असंच शिकवतात, एक जहाज आलं, थँक्सगिव्हिंग झालं, झालं. प्रत्यक्षात आज ज्याला मॅनहॅटन म्हणतो तिथं १६४३ मध्ये इझाक झोग नावाचा एक फ्रेंच जेझुइट पाद्री येऊन गेला आणि त्यानं लिहून ठेवलंय की बेटावर आणि आसपास मिळून चार-पाचशे पुरुष असतील, आणि गव्हर्नरनं त्याला सांगितलं की इथं अठरा भाषा बोलणारे लोक आहेत. चार-पाचशे माणसांत अठरा भाषा! आमच्या तालुक्याच्या बाजारात पण एवढ्या ऐकल्या नाहीत मी.

ही वस्ती म्हणजे न्यू ॲमस्टरडॅम, डच वेस्ट इंडिया कंपनीची. राजाची नाही, देवाच्या नावानं वसवलेली पण नाही, सरळ धंद्याची, बीव्हरच्या कातड्यांच्या व्यापाराची. कंपनीला माणसं हवी होती आणि हॉलंडमध्ये बरं चाललेलं असताना तिथून कोण येणार, म्हणून मिळेल तो आला, जर्मन, स्कँडिनेव्हियन, फ्रेंच बोलणारे वालून, इंग्रज. आणि काहींना न विचारता आणलं, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते. डचांच्या खुणा अजून आपल्या तोंडात आहेत. ब्रुकलिन, हार्लेम ही हॉलंडमधल्या गावांची नावं, आणि आपण ऑफिसात दिवसभर ज्याला बॉस बॉस करतो तो शब्द डच 'बास', म्हणजे मालक. कुकी पण त्यांचीच.

फ्लशिंग पण डच नाव, मूळ व्लिसिंगेन. १६४५ मध्ये गव्हर्नर विलेम कीफ्टनं तिथल्या इंग्रज वसाहतकऱ्यांना सनद दिली आणि त्यात लिहून दिलं की हॉलंडच्या रीतीप्रमाणे यांना सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य राहील. सनदेतली ती एक ओळ. पुढचं सगळं त्या ओळीला धरून बसलेल्या लोकांमुळे घडलं.

कीफ्टनंतर आला पीटर स्टायव्हसंट. एक पाय लढाईत गेलेला, लाकडी पायावर चालणारा, शिस्तीचा. त्याचं म्हणणं असं की गावात धर्म एकच पाहिजे, डच रिफॉर्म्ड, नाहीतर सगळा गोंधळ होतो. १६५४ मध्ये ब्राझीलमधल्या रेसिफेहून तेवीस ज्यू येऊन उतरले. ते शहर पोर्तुगिजांनी डचांकडून परत घेतलं होतं, त्यामुळे पळून आलेले, अंगावरच्या कपड्यांनिशी म्हणावं असे. स्टायव्हसंटनं कंपनीला लिहिलं की यांना इथून निघून जायला सांगू द्या. १६५५ मध्ये उत्तर आलं, नाही, राहू द्या, ब्राझीलमध्ये या लोकांचं नुकसान झालंय आणि आपल्या कंपनीच्या शेअर्समध्ये ज्यूंचा बराच पैसा आहे, फक्त त्यांच्यातल्या गरिबांचा भार त्यांनीच उचलायचा. स्टायव्हसंटनं परत कळवलं की यांना सवलत दिली तर उद्या ल्युथरन आणि कॅथलिकांना कसं नाही म्हणणार. हे वाचून मी थांबलेच, कारण हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलंय, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, लग्नाच्या बोलणीत, एकाला दिलं की सगळे मागतील. आणि गंमत म्हणजे त्याचं बरोबरच होतं. सगळ्यांनी मागितलं.

त्या काळातला ॲसर लेव्ही मला फार आवडला. ज्यूंना शहराच्या पहाऱ्यावर उभं राहू देत नव्हते, त्याऐवजी कर भरा म्हणायचे. यानं १६५५ मध्ये अर्ज केला की मला कर नको, मला पहारा द्या. नाही म्हणाले, पटत नसेल तर जा कुठं जायचं तिथं. तो गेला नाही. दोन वर्षांनी नागरिकत्वाचा हक्क मागायला आला तेव्हा सांगत होता की बाकीच्यांसारखा मी पण पहारा देतो, आणि तो हक्क त्यानं मिळवला. रात्री थंडीत जागायचं काम माणूस भांडून घेतो, कारण त्याला कळलेलं असतं की गाव आपलं होतं ते अशानंच.

आता क्वेकर. हे एका पंथाचे ख्रिस्ती लोक, पाद्री मानत नाहीत, अधिकाऱ्यांपुढे टोपी काढत नाहीत, शपथ घेत नाहीत, शांत बसून प्रार्थना करतात. १६५७ मध्ये स्टायव्हसंटनं हुकूम काढला की क्वेकरला एक रात्र जरी घरात ठेवलं तरी ५० पौंड दंड, त्यातला निम्मा चहाडी करणाऱ्याला. रॉबर्ट हॉजसन नावाच्या एका तरुण क्वेकरला अर्धमेला होईपर्यंत मारलं. आणि मग २७ डिसेंबर १६५७ ला फ्लशिंगमधले तीस लोक जमले आणि त्यांनी स्टायव्हसंटला एक पत्र लिहिलं.

हे पत्र फ्लशिंग रिमॉन्स्ट्रन्स, म्हणजे फ्लशिंगचं हरकतीचं पत्र, म्हणून ओळखलं जातं. लिहिणारा एडवर्ड हार्ट, गावाचा क्लार्क. अर्थ असा की हे लोक आमच्याकडे आले तर आम्ही त्यांच्यावर हात टाकू शकत नाही, दुसऱ्यांनी आमच्याशी जसं वागावं असं वाटतं तसं आम्ही दुसऱ्यांशी वागणार, आणि प्रेम, शांती, स्वातंत्र्याचा हा कायदा ज्यू, तुर्क आणि इजिप्शियनांना पण लागू आहे कारण ती पण आदमाचीच लेकरं. तुर्क म्हणजे त्यांच्या भाषेत मुसलमान. फ्लशिंगमध्ये तेव्हा एकही तुर्क नसणार. आणि सह्या करणाऱ्या तिसांत एकही क्वेकर नव्हता.

हे मी बाबांना फोनवर वाचून दाखवत होते (ते तोपर्यंत सांगलीला परत गेले होते), तेव्हा म्हणाले, सह्या सगळ्यांच्या आहेत का? मी सांगितलं की काही जणांना लिहिता येत नव्हतं, त्यांनी खूण केलीय आणि शेजारी लिहिलंय की ही अमक्याची खूण. बाबा गप्प झाले. मग म्हणाले, "निराधार योजनेच्या मनीऑर्डरी वाटायचो ना मी, अंगठा घ्यायचो म्हाताऱ्यांचा. ज्याला वाचता येत नाही तो अंगठा लावायच्या आधी तीनदा विचारतो गं, काय लिहिलंय, माझं काय जाईल का यात. सही करणारा एवढं विचारत नाही." म्हणजे त्या डिसेंबरात, त्या थंडीत, कुणीतरी त्या लोकांना ते पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं असेल, आणि त्यांनी विचारलं असेल माझं काय जाईल, आणि सांगितलं असेल की बरंच जाईल, आणि मग त्यांनी खूण केली. मी इतकं सगळं वाचलं पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आणि गेलंच त्यांचं. पत्र घेऊन गेलेला टोबियस फीक, गावाचा शेरीफ, त्याला पकडलं, नोकरी गेली. हार्टला कोठडीत टाकलं, त्यानं बायकापोरांचं कारण सांगून माफी मागितली तेव्हा सुटला. पकडलेले बाकीचे पण नमले. त्या वर्षी बघणाऱ्याला वाटलं असेल की संपलं सगळं. मूळ कागद आजही ऑल्बनीला न्यूयॉर्क राज्याच्या दप्तरखान्यात आहे, १९११ च्या आगीत कडा जळलेला.

जॉन बाऊन पाच वर्षांनी आला गोष्टीत. बायको हॅना क्वेकर झाली, मग हा पण झाला, आणि आपण कुंपणाबाहेरून बघितलं त्या घरात क्वेकरांच्या सभा भरायला लागल्या. १६६२ मध्ये अटक. दंड भर आणि सूट म्हणाले, हा म्हणाला भरत नाही. शेवटी जहाजात घालून देशाबाहेर काढला. तो पोचला ॲमस्टरडॅमला, थेट कंपनीच्या मालकांसमोर उभा राहिला आणि व्लिसिंगेनच्या त्या सनदेतली ओळ त्यांच्यापुढे ठेवली. १६६३ मध्ये कंपनीनं स्टायव्हसंटला कळवलं की लोकांच्या मनावर जबरदस्ती करू नका, जोपर्यंत कोणी शांतपणे, कायद्यानं राहतोय आणि सरकारला त्रास देत नाही तोपर्यंत राहू द्या, ॲमस्टरडॅम याच रीतीनं वाढलं. यात दया होती का हिशोब? हिशोबच जास्त, माणसं टिकली पाहिजेत हा हिशोब. पण हिशोब आपोआप सुचत नाही, कुणीतरी तो समोर मांडायला दंड न भरता समुद्रापार जावं लागतं. १६६४ मध्ये बाऊन घरी परत आला, त्याच वर्षी इंग्रजांनी शहर घेतलं, न्यूयॉर्क नाव ठेवलं, आणि शरणागतीच्या करारात डचांना त्यांच्या पूजेअर्चेचं स्वातंत्र्य लिहून दिलं. ज्यानं आयुष्यभर एकच धर्म पाहिजे म्हटलं त्या स्टायव्हसंटच्या माणसांना शेवटी तेच कलम उपयोगी पडलं.

एवढंच सांगून थांबले तर ते खोटं होईल. न्यू जर्सीत आल्यावर पहिली चार वर्षं आम्ही जर्सी सिटीला राहायचो, न्यूपोर्टला, आयटीतली निम्मी मराठी मंडळी तिथं राहून गेलीत. तेव्हा आमच्या पाथ ट्रेनच्या स्टेशनचं नाव पाव्होनिया-न्यूपोर्ट होतं. रोज वाचायचे, कधी विचारलं नाही पाव्होनिया काय. पाव्होनिया ही डचांची वस्ती, आणि तिथं १६४३ च्या फेब्रुवारीत एका रात्री सैनिकांनी लेनापे लोकांची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, कत्तल केली, ऐंशीच्या आसपास माणसं, बायका, तान्ही मुलं. उत्तरेकडच्या शत्रूंपासून पळून हे लोक डचांच्या आसऱ्याला आले होते. हुकूम कीफ्टचा. ज्यानं दोन वर्षांनी फ्लशिंगला ती सुंदर ओळ लिहून दिली तोच कीफ्ट. हात तोच, सही तीच. आदमाची लेकरं मोजताना ज्यांची जमीन होती तेच मोजायचे राहून गेले.

आणि आफ्रिकन. अठरा भाषांत त्यांच्याही भाषा असणारच. १६२६ च्या सुमाराला कंपनीनं पहिले अकरा गुलाम आणले, नावं बघा, पाउलो द अंगोला, सिमॉन काँगो. कुठून उचललं ते नावातच. रस्ते, किल्ला, आज जिला वॉल स्ट्रीट म्हणतात तिथली भिंत, सगळ्याला त्यांचे हात लागले. १६४४ मध्ये अकरा जणांनी अर्ज करून स्वातंत्र्य मिळवलं, पण अर्धं, दरवर्षी कंपनीला धान्य आणि डुक्कर द्यायचं आणि मुलं मात्र गुलामच राहणार, झालेली आणि अजून व्हायची असलेली पण. मी कितीदा वाचलं ते कलम. न जन्मलेल्या लेकरावर मालकी लिहून ठेवलेली. खालच्या मॅनहॅटनमध्ये १९९१ मध्ये सरकारी बिल्डिंगसाठी खोदताना त्यांची दफनभूमी सापडली, चारशेच्या वर सांगाडे निघाले. मी तीन वर्षं तिथून दोन चौकांवर काम करत होते आणि दुपारचा डबा खाऊन तिथूनच फेरी मारायचे.

मग हे सगळं आपल्यापर्यंत कसं आलं? एक धागा तर अगदी आपल्या घरातला. ज्या क्वेकरांसाठी ते पत्र लिहिलं गेलं त्यांच्यातल्याच विल्यम पेननं १६८१ मध्ये पेनसिल्व्हेनियाची सनद मिळवली, सगळ्या पंथांना दार उघडं ठेवलं, आणि १६८८ मध्ये तिथल्याच जर्मनटाउनमधल्या चौघांनी गुलामगिरीविरुद्ध निषेध लिहिला, परत तेच, दुसऱ्यांनी आपल्याशी वागावं तसं आपण वागावं (पेन स्वतः गुलाम बाळगून होता, हे पण लिहायला पाहिजे). त्याच फिलाडेल्फियात १८५० मध्ये क्वेकरांच्या पुढाकारानं बायकांसाठी मेडिकल कॉलेज निघालं. आणि १८८६ मध्ये तिथून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या आनंदीबाई जोशी. नऊवारीतल्या, निघताना मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार असं भर सभेत सांगून गेलेल्या. मिशनरी मदत करतो म्हणाले होते, पण धर्म बदला म्हणाले. न्यू जर्सीतल्या कार्पेंटर बाईंनी ते काही न मागता पत्रं लिहिली आणि घरी ठेवून घेतलं. हे ऐकून बाबा लगेच म्हणाले, "गोपाळराव पोस्टात होते, माहितीये ना?" माहितीये बाबा, लहानपणापासून सांगताय.

पण धागा सरळ नाही आला. १७९० च्या नागरिकत्वाच्या कायद्यात 'स्वतंत्र गोरी व्यक्ती' असे शब्द होते, त्याच शब्दांवर बोट ठेवून १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं भगतसिंग थिंद यांना, जे अमेरिकेच्या सैन्यात होते, नागरिकत्व नाकारलं. १९४६ मध्ये भारतीयांना ते मिळायला लागलं आणि १९६५ च्या इमिग्रेशनच्या कायद्यानं खरं दार उघडलं. त्यानंतर आलेल्या आपल्या लोकांनी फ्लशिंगमध्ये जागा घेतली आणि ४ जुलै १९७७ ला गणपतीची प्रतिष्ठा झाली. त्यांनी तो रस्ता बाऊनसाठी निवडला नव्हता, जागा मिळाली तिथं घेतली. पण देवळाला परवानगी मागायला ते गेले तोवर त्या रस्त्यावर तो वाद तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी घालून ठेवला होता. आणि तरी १९८७ मध्ये, जर्सी सिटीत, त्याच जुन्या पाव्होनियात, डॉटबस्टर्स नावाची टोळी निघाली. डॉट म्हणजे आपलं कुंकू. कपाळ बघून मारायचे.

हे लिहायला बसले त्याचं एक कारण अजून आहे. आम्ही राहतो त्या गावात गेल्या वर्षी एका मशिदीचा अर्ज आला. लगेच आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विरोधाचा सह्यांचा कागद फिरायला लागला, कारणं ट्रॅफिक, पार्किंग, आवाज. काही वर्षांपूर्वी आमच्या गणपती मंडळानं हॉल मागितला होता तेव्हा आमच्याविरुद्ध शब्दन् शब्द हीच कारणं होती. आता त्यात आपली नावं, आरतीला शेजारी उभी राहणारी माणसं. मी सही केली नाही. आणि मला वाटलं मी माझं काम केलं. जवळजवळ दोन महिने मला तसंच वाटत होतं. पण त्या तिसांनी नुसती सही करायचं टाळलं नव्हतं. टाळणारे फ्लशिंगमध्ये बाकी पण असतील की, त्यांची नावं कुठं आहेत.

दुसऱ्या सुनावणीला मी गेले. नवरा म्हणाला मी पण येतो, दोघं मागच्या रांगेत बसलो. ओळखीचे चेहरे होते, एका वहिनींनी बघून मान फिरवली. लोकांनी बोलायची वेळ आली तेव्हा माझा नंबर सहावा. माइकसमोर गेल्यावर तिथली बाई म्हणाली, आधी पूर्ण नाव सांगा आणि राहण्याचा पत्ता, नोंद होते. माझा आवाज कापत होता. नाव सांगितलं, घर नंबर, रस्ता, गाव, झिप कोड. आडनाव तिला कळलं नाही, म्हणाली स्पेलिंग सांगा. मी एकेक अक्षर सांगत गेले आणि ती लिहीत गेली.